मिस्त्री घरात, मांजर कुठे?

इंदुरात मी वायरिंगची कामं करतो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर हा माझा पट्टा. यातली बरीच घरं आपल्या मराठी माणसांची, आणि हल्ली त्यातल्या कितीतरी घरांत मांजर असतं. माझ्याही घरी दोन आहेत. साय ही म्हातारी पांढरी मांजरी, आणि जीरावन हा बोका. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरावा तसे त्याच्या अंगावर तपकिरी ठिपके आहेत, म्हणून ते नाव. त्यामुळे घोडीवर, म्हणजे घडीच्या शिडीवर, चढून वायर ओढणाऱ्याचे हाल मला ठाऊक आहेत आणि दाराआडून ओरडणाऱ्या मांजराच्या मालकाचेही.

कामाला गेलो की काकू सांगतात, "दादा, दार उघडं टाकू नका हं, मांजर पळेल." मी "हो काकू" म्हणतो. मनापासून म्हणतो. पण एका हातात हॅमर मशीन, खांद्यावर वायरचं बंडल, मागून हेल्पर घोडी घेऊन येतोय, अशा वेळी दार पायानं ढकललं जातं आणि तसंच राहतं. मग स्क्रू कमी पडतात, हेल्पर दुकानात पळतो. मग चहा येतो. मग मीटर बघायला खाली जावं लागतं. मांजर सांभाळणं मिस्त्रीवर सोडू नका, हे मी मिस्त्री असूनच सांगतो. मांजर एका खोलीत, खोलीला कडी, आणि कुलूप लागत असेल तर किल्ली तुमच्या कमरेला. बाकी सगळं यानंतर.

खोली कोणती निवडायची?

लोक म्हणतात, "काम हॉलमध्ये आहे, मांजर बेडरूममध्ये टाकलंय." आणि मी तासाभरात बेडरूमच्या दारात उभा, कारण हॉलच्या पंख्याची वायर बेडरूमच्या माळ्यावरून आलेली असते. काम एका ठिकाणी असलं तरी मिस्त्रीला तिथपर्यंत पोचायला दहा ठिकाणी जावं लागतं. मेन बोर्ड, मीटर, गच्ची, टाकी, डक्ट. म्हणून आदल्या दिवशी फोनवर एवढंच विचारा: "तुम्हाला कुठल्या कुठल्या खोलीत यावं लागेल?" ज्या खोलीचं नाव निघणार नाही, ती मांजराची.

नळाचं काम असेल तर मांजर बाथरूममध्ये कोंडू नका, हे सांगायची गरज नसावी, पण पाहिलंय म्हणून सांगतो.

खोली ठरली की आधी खिडकी बघा. इथे उन्हाळ्याच्या तोंडाशी घरोघरी कूलर दुरुस्त होतात. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो आणि त्याचं तोंड खिडकीत बसवलेलं असतं. खस बदलायला किंवा मोटर काढायला माणूस तो बाहेरून ओढतो, आणि खिडकीत हातभर भोक तयार होतं. आतलं मांजर पलंगावर झोपलेलं असतं, घरातल्यांना वाटतं दार बंद आहे, सगळं ठीक आहे. एक्झॉस्टचा पंखा उतरवला तरी तेच. खिडकीतला जुना एसी काढला तर विचारायलाच नको, तिथून कुत्रंसुद्धा जाईल. तेव्हा कूलर, एसी किंवा एक्झॉस्ट यातलं काहीही काढणार असतील, तर ज्या खोलीत ते बसवलंय ती खोली मांजरासाठी बाद.

दुसरं, उकाडा. हे कुणी लक्षात घेत नाही. वायरिंगचं काम म्हटलं की मी मेन पाडतो. मेन पडला की तुमच्या बंद खोलीतला पंखाही बंद. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वरच्या मजल्यावरची पत्र्याखालची किंवा पश्चिमेची खोली भट्टी होते. मांजर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापा टाकू लागलं तर ते उकाड्यानं बेजार झालंय. तसंच थंड जागी न्या, पंजे आणि अंग साध्या पाण्यानं ओलं करा आणि डॉक्टरला फोन करा. बर्फ चोळू नका. उन्हाळ्यात मी गिऱ्हाइकाला सकाळी लवकरची वेळ देतो, आणि मेन किती वेळ बंद राहील ते आधी सांगतो. तुमच्या मिस्त्रीनं सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. खालच्या मजल्याची, उत्तरेकडची खोली सगळ्यात बरी.

खोलीत काय ठेवायचं ते मांजर पाळणाऱ्याला माहीत असतंच. पाणी एका कोपऱ्यात, वाळूचा ट्रे लांबच्या कोपऱ्यात, कारण संडासाशेजारी मांजरं पाणी पीत नाहीत. एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून ठेवा. त्यात तिची रोजची, न धुतलेली चादर. धुतलेली नको, स्वतःचा वास असला की मांजर लवकर शांत होतं. ड्रिलच्या आवाजावर उपाय म्हणून काही जण रेडिओ लावतात. मला त्याचा फारसा उपयोग वाटत नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० च्याही वरचा. आपल्याला नुसती घरघर वाटते तेव्हा तिला त्यातली किंकाळीही ऐकू येत असणार. त्यापेक्षा दाराच्या फटीत जाड चादर गुंडाळून लावा. आवाज थोडा कमी होतो, आणि पुट्टीची धूळ आत यायची थांबते, हा मोठा फायदा.

बॉक्सचा दिवाण असेल तर त्याचं झाकण पक्कं बंद करा. सोफ्याच्या बुडाचं कापड फाटलं असेल तर मांजर आत शिरून स्प्रिंगांमध्ये बसतं, आणि फर्निचर हलवणारे दोघं "एक, दो, तीन" म्हणून तो सोफा उचलून आपटतात. असा सोफा त्या खोलीत नको.

दारावर चिठ्ठी चिकटवा, आणि ती हिंदीत लिहा. आमचे हेल्पर मराठी वाचत नाहीत. "अंदर बिल्ली है, दरवाज़ा मत खोलना." वाचता न येणारा हेल्परही असू शकतो, म्हणून वर मिशांसकट मांजराचं तोंड काढा. घरातल्या पोरांना द्या हे काम, आवडीनं करतात.

कोंडायचं कधी?

बेल वाजायच्या आधी. बेल वाजल्यावर पाठलाग सुरू केलात तर मांजर पलंगाखाली, तुम्ही झाडू घेऊन, आणि मी दारात पिशवी घेऊन उभा. जीरावनला तर माझ्या पिशवीतल्या पकडी-पेचकसांचा खणखणाट ओळखू येतो. मी कामावरून परत आलो की ठीक. मी घरी असताना दुसऱ्या कुणाची पिशवी जिन्यात वाजली की गडी माळ्यावर.

काम ठरलं की चार-पाच दिवस आधीपासून तिचं खाणं त्याच खोलीत द्यायला लागा. मग त्या दिवशी वाटी वाजवली की ती आपणहून आत येते. मांजर न्यायचा पिंजरा किंवा टोपलीही त्याच खोलीत दार उघडं ठेवून टाका. आत शिरून झोपायची सवय झाली, की ऐन वेळी बोचकारे न खाता उचलता येतं. पण दिवसभर पिंजऱ्यात डांबू नका. दोन-तीन तास ठीक.

आता वेळेचं. आम्ही दहा म्हणालो की ते इंदुरी दहा असतात. आधीच्या घरी काम लांबतं, मध्ये पोहे होतात. म्हणून दहापासून मांजर कोंडून बसू नका. "आधीच्या ठिकाणाहून निघालात की फोन करा," असं सांगून ठेवा, आणि फोन आला की वाटी वाजवा.

मिस्त्री दारात आल्यावर त्याला सांगा घरात मांजर आहे ते. लपवू नका. कुणाला मांजराच्या केसांनी दमा उठतो, कुणाला भीती वाटते. आणि काही मंडळी अशीही आहेत की मांजर आडवं गेलं तर पाच मिनिटं बसून मग मशीन हातात घेतात. माझा एक जुना हेल्पर तर थेट गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचा. हसू नका त्याला. घोडीवर चढणारा माणूस मनात धाकधूक घेऊन चढू नये. हे सगळं टाळायला तीच बंद खोली कामी येते.

आमच्या पिशवीत काय काय असतं?

मांजराला खरा धोका इथे आहे. माझ्याच पिशवीपासून सुरुवात करतो.

वायर सोलली की प्लास्टिकचे इवले रंगीत तुकडे उडतात. तांब्याच्या केसासारख्या तारा फरशीवर पडतात, उन्हात चमकतात. केबल टायची कापलेली टोकं, काळ्या टेपचे तुकडे, बारीक स्क्रू. पाइपातून वायर ओढायची स्टीलची पट्टी असते, ती फरशीवर सापासारखी वळवळते. मांजराला यापेक्षा भारी खेळणं दुसरं नाही. नळवाल्याची पांढरी थ्रेड टेप तर याहून वाईट. हलकी, लांब, हवेवर उडणारी. मांजराच्या जिभेवर काटे असतात आणि ते घशाच्या दिशेनं वळलेले असतात. दोऱ्यासारखी वस्तू एकदा जिभेला लागली की तिला ती थुंकता येत नाही, आत आतच जाते. पोटात गेल्यावर एक टोक कुठेतरी अडकतं आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, मग ऑपरेशन. म्हणून मांजराच्या तोंडातून किंवा मागून टेप, दोरा, तार काहीही लोंबताना दिसलं तर ओढू नका. आतून आतडं कापलं जाऊ शकतं. तसंच उचला आणि डॉक्टरकडे न्या.

उघड्या बोर्डाबद्दल एक गोष्ट वीजवाला म्हणून बजावून सांगतो. मेन पाडला म्हणजे सगळं मेलं असं नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनीत करंट चालूच असतो. बोर्डाचं झाकण उघडं, वायरींची टोकं बाहेर, आणि मी जेवायला बसलोय, असा वेळ येतो. तेव्हा मांजर मोकळं नको आणि पोरंही नकोत. मिस्त्रीला विचारा, "इन्व्हर्टर बंद केला का?" नीट काम करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.

गवंडी आला असेल तर ओला चुना आणि ओलं सिमेंट. दोन्ही जळजळीत असतात, गवंड्यांच्या बोटांच्या भेगा बघा म्हणजे कळेल. मांजर त्यातून चालतं, मग बसून पंजे चाटतं, आणि जे पायाला लागलं ते तोंडात जातं. पंजे भरलेले दिसले तर चाटू न देता भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा. तोंडात गेलं असं वाटलं, लाळ गळायला लागली, तर डॉक्टर. आणि गवंड्याचा वाळूचा ढीग रात्री झाकून ठेवा. तुमचं मांजर नाही तर गल्लीतलं येईल, आणि सकाळी गवंडी त्यात हात घालेल. त्यानंतर तो जे बोलेल ते इथे लिहिता येत नाही.

रंगाचं काम म्हणजे दिवाळीच्या आधीचे दिवस, सगळं घर उलटंपालटं. अंगाला डिस्टेंपर किंवा पाण्यात मिसळायचा रंग लागला तर ओला असतानाच कोमट पाण्यानं पुसा. ऑइलपेंट लागला तर तेवढे केस कात्रीनं कापून टाका. तारपीन किंवा थिनर मांजराच्या अंगाला कधीही लावू नका. कातडीही भाजते आणि चाटून पोटातही जातं. सुताराच्या पॉलिशचा वास जाईपर्यंत ती खोली मांजराला बंदच.

मुंग्या-झुरळं-वाळवीचं औषध मारणार असतील तर मात्र बंद खोली पुरत नाही. मांजर त्या दिवशी घरातच नको. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन या जातीची औषधं माणसाला आणि कुत्र्याला त्या मानानं सोसतात, मांजराला नाही. तिचं यकृत ती मोडून काढू शकत नाही. अंग थरथरणं, झटके, तोंडाला फेस, असं दिसलं तर एक मिनिट दवडू नका. कोणतं औषध मारलं त्याच्या डब्याचा फोटो आधीच काढून ठेवा, डॉक्टरला पहिली तीच माहिती लागते. मांजर बहिणीकडे, शेजारी, कुठेही ठेवा, आणि फरशी पूर्ण वाळून घरात हवा खेळल्यावरच परत आणा. फिनाईलचंही असंच. काम संपलं की धूळ काढायला काकू बादलीभर फिनाईल ओतून घर पुसतात. मांजराच्या घरात ते नको. साधं साबणाचं पाणी पुरे.

तिला गुंगीची गोळी द्यावी का, असं विचारतात. आपल्या मनानं काहीही देऊ नका, आणि माणसाची तर नाहीच. तापाची साधी पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. फारच भित्रं मांजर असेल तर आधी डॉक्टरला भेटा, ते जोखून औषध देतात.

आणि हेल्परला प्रेमानं सांगा, डब्यातली लसणाची शेव किंवा कांद्याची भाजी मांजराला घालू नको. कांदा-लसणानं तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शेवेचा मोह आपल्याला पुरे.

भोक बुजवायच्या आधी

राजेंद्र नगरात एका फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगचे लाइट बसवत होतो. गोल भोकं पाडलेली, वायरी लोंबत होत्या, दोन मांजरं बंद खोलीत होती. निदान सगळे तसं धरून चालले होते. शेवटचा लाइट दाबून बसवणार तोच वरून धूळ पडली. मी म्हटलं उंदीर असेल. टॉर्च भोकात घातला तर लांब कोपऱ्यात दोन हिरवे ठिपके चमकले. घरातल्या मुलीनं दुपारी चार्जर घ्यायला खोलीचं दार उघडलं होतं. मांजरी सटकली, कपाटावर चढली, तिथून वर. लाइट बसवून गेलो असतो तर पीओपीच्या वर ती राहिली असती, आणि रात्री घरात आवाज कुठून येतोय हे कुणाला कळलं नसतं. तिला काढायला घोडी भोकाखाली लावून वर तिच्या खाण्याची वाटी ठेवली आणि सगळे बाहेर जाऊन बसलो. बराच वेळ लागला, पण आली. वर हात घालून ओढत बसलो असतो तर ती आणखी आत गेली असती.

म्हणून सीलिंग, बाथरूमची डक्ट, ओट्याखालची कपाटं, बाथटबचा चौकोन, हौदाचं झाकण, यातलं काहीही बंद करायच्या आधी मांजर डोळ्यांनी बघा. "आतच आहे" असं म्हणू नका, दार किलकिलं करून बघा. हौदाचं मुद्दाम सांगतो. इथे नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे घराघरात हौद, आणि तो साफ करायला माणूस आला की झाकण दिवसभर उघडं. आतल्या भिंती गुळगुळीत, मांजराला चढून येता येत नाही.

मिस्त्री निघताना त्याची पिशवी आणि खाली उभी गाडी बघून घ्या. लोडिंग रिक्षात जुनं सामान भरलं असेल तर त्यातही. मला कुणी "दादा, पिशवी बघू का?" विचारलं तर मी स्वतःच उघडून दाखवतो.

सुटलंच तर

मशीन बंद करायला सांगा आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबवा. पाठीमागे धावलं की मांजर लांब पळतं. नुसतं सोडलं तर घरात वाढलेलं मांजर बहुतेक वेळा जवळच दडून बसतं: जिन्याखाली, शेजारच्या गाडीखाली, दोन घरांच्या मधल्या बोळात. हाका मारल्या तरी ओ देत नाही, भीतीनं गप्प असतं. रात्री गल्ली निजली की टॉर्च घेऊन जा. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे तिचे डोळे चमकून परत दिसतात. दाराबाहेर तिची चादर ठेवा. गल्लीतल्या वॉचमनला आणि सकाळी कचरागाडीवर येणाऱ्यांना सांगून ठेवा, कोणत्या ओट्यावर कोण बसलंय हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पकडताना एखाद्या कामगाराला बोचकारलं किंवा चावलं, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याला रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवा. पाठवा म्हणजे सोबत जा. तिथे लस फुकट मिळते, पण बुडलेल्या दिवसाची मजुरी तुम्ही द्यायची. मांजराच्या लशीचं कार्ड हाताशी ठेवा.

काम संपल्यावर

लगेच दार उघडू नका. आधी झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा, कारण तांब्याच्या बारीक तारा झाडूला लागत नाहीत. माझ्या पिशवीत जुन्या स्पीकरचा लोहचुंबक आहे, तो कापडात गुंडाळून फरशीवरून फिरवतो. सोफ्याखालचे स्क्रू, खिळे पटापट चिकटतात. तांबं आणि प्लास्टिक त्याला चिकटत नाही, ते डोळ्यांनीच शोधायचं. टॉर्च फरशीला टेकवून आडवा मारला की कण न् कण सावली टाकतो.

मग मांजराला सोडा आणि तिच्या मागे मागे फिरू नका. नवा रंग, नवं कपाट, परक्या घामाचा वास. ती हुंगत हुंगत घर फिरेल. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर चालेल. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर डॉक्टरला विचारा. उपाशी राहिल्यानं मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि लठ्ठ मांजराला ते लवकर बाधतं.

बोका असेल तर दोन-तीन दिवस त्याच्या ट्रेवर नजर ठेवा. घाबरण्यानं, घर उलटंपालटं झाल्यानं काही बोक्यांची लघवी अडते. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, वाळू मात्र कोरडी. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, तेव्हा रात्र असो की रविवार, लगेच न्या. इंदूरजवळच्या महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण अशा वेळी तिथवर जाण्यात वेळ घालवण्यापेक्षा घराजवळच्या डॉक्टरचा नंबर आणि ते रात्री फोन उचलतात का, हे काम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा. चिठ्ठीवर मांजराच्या तोंडाखाली तोच नंबर लिहिलात तर शोधावा लागत नाही.